पुरानंतर मक्याची दुबार पेरणी: आधी तणनाशकाचा हिशेब, मग बियाणं

जून-जुलैत मक्याच्या रानातून पाणी फिरलं की ते पुरतं ओसरायच्या आत कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी होते. कोणतं वाण आहे, पिशवी कितीला, लवकर येणारं काही आहे का, असे सवाल सुरू होतात. पहिल्या पेरणीनंतर रानात कोणतं तणनाशक मारलं होतं, किती आणि कधी, हे मात्र ना घेणारा सांगतो ना देणारा विचारतो. दुबार पेरणीत पैसे दुसऱ्यांदा बुडतात ते बऱ्याचदा इथे. मक्याऐवजी सोयाबीन टाकलं, छान उगवलं आणि दोन-तीन आठवड्यांत पानांच्या कडा जळायला लागल्या. किंवा मकाच टाकला, पण पहिलं औषध वाहून गेलं असं धरून दुसरा पूर्ण डोस मारला.

पाणी वरून गेलं म्हणजे औषधही गेलं, हा समज सोडा. हा लेख पहिल्यांदाच मका करणाऱ्यांसाठी आहे. सिल्लोड-कन्नड, येवला-मालेगाव, जळगाव-धुळे या मक्याच्या पट्ट्यातली मध्यम ते भारी काळी जमीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नदीकाठच्या गाळाच्या रानात थोडा फरक पडतो, तो जागोजागी सांगेन.

पहिलं काम: मोबाइल आणि चर

वखर जुंपायच्या आधी पंचनामा होऊ द्या. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच शासनाची मदत बसते आणि एकदा रान मोडलं की ते दाखवायला काही उरत नाही. पंचनाम्याला उशीर होत असेल तर तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो काढा: चारही बांधांवरून, मधून आणि गटनंबर ओळखता येईल अशी एखादी खूण धरून. ई-पीक पाहणीत मका नोंदवला आहे का तेही बघा. आणि याच वेळी घरातली तणनाशकाची रिकामी बाटली किंवा पुडा आणि दुकानाची पावती शोधून बाजूला काढा. पुढचा अर्धा लेख त्याच कागदावर चालणार आहे.

पाणी साचलेलं असेल तर उताराच्या बाजूने चर काढून वाट करून द्या. वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहीपर्यंत, ट्रॅक्टर रानात घालू नका. ओल्या काळ्या मातीत चाक फिरलं की खाली घट्ट थर बसतो आणि दुसऱ्या पेरणीची मुळं त्यावरच अडतात.

मका खरंच मेला आहे का?

पिवळं पडून आडवं झालेलं रान बघून माणूस हबकतो, पण मका दिसतो तितका लेचापेचा नाही. पाच-सहा पानांवर येईपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली किंवा अगदी पातळीवर असतो. वरची पानं कुजली तरी कोंब जिवंत असेल तर रोप नव्याने पान काढतं. पाण्याखालच्या मातीतली हवा साधारण दोन दिवसांत संपते. त्यामुळे रोप पूर्ण बुडालेलं असेल आणि ऊन तापत असेल तर एक-दोन दिवसांतच मरतं. ढगाळ, थंड हवा असेल तर चार दिवसही तग धरतं.

पाणी ओसरल्यावर तीन ते पाच दिवस थांबा. मग रानात वेगवेगळ्या ठिकाणची दहा-बारा रोपं मुळासकट उपटा आणि चाकूने बुंध्यापासून वर उभी चिरा. मुळांच्या लगेच वर, खोडाच्या तळाशी शंकूसारखा छोटा भाग दिसेल. तो पांढरा किंवा दुधी आणि टणक असेल तर रोप जगणार. तपकिरी, पाणीदार झाला असेल, नखाने दाबल्यावर चिकट होत असेल, तर ते रोप गेलं. पोंग्यात, म्हणजे वरच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ भरलेली रोपं वेगळी मोजा. त्यातली काही आज जिवंत दिसतात आणि आठवड्याने पोंगा कुजून हातात येतो.

आता मोजणी. ओळीतलं अंतर अडीच फूट असेल तर १७.५ फूट लांबीची दोरी घ्या, दोन फूट असेल तर २२ फुटांची. तेवढ्या लांबीत एका ओळीत जितकी जिवंत रोपं, तितके हजार एकरी. पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. ७५ बाय २० सेंटिमीटरवर एकरी साधारण २६ ते २७ हजार रोपं असायला हवीत, ६० बाय २० वर ३३ हजार. दोन तृतीयांश रोपं सारखी पसरलेली उरली असतील तर माझ्या मते रान मोडू नये. उशिरा पेरलेल्या भरगच्च मक्यापेक्षा वेळेवर पेरलेला विरळ मका बऱ्याचदा बरा निघतो, शिवाय उशिराच्या कोवळ्या पिकावर लष्करी अळी तुटून पडते. नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या रिकाम्या जागा, भरायच्या असतील तर पहिल्या आठ-दहा दिवसांतच. नंतर टोबलेलं बी मोठ्या रोपांच्या सावलीत खुरटतं आणि त्याला कणीस धरत नाही.

बहुतेक वेळा संपूर्ण रान जात नाही, सखल तुकडे जातात. तेवढेच तुकडे मोडा. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक तुकड्यात औषधाचं काय झालं असेल ते वेगळं असतं.

जिथे पाणी नुसतं साचून राहिलं आणि मुरलं, तिथे औषध बहुतांशी जागच्या जागी आहे. जिथे पाण्याचा लोंढा वाहिला आणि वरची माती खरवडून गेली, तिथे औषध मातीबरोबर गेलं, कारण पेरणीनंतर मारलेली तणनाशकं वरच्या इंच-दोन इंचांच्या थरातच असतात. आणि ती माती जिथे जाऊन बसली, म्हणजे खालच्या बांधाशी किंवा वळणावर, तिथे तुमचं आणि वरच्या शेजाऱ्याचंही औषध येऊन बसलेलं असू शकतं. नदीच्या पुराने आणलेला जाड गाळ असेल तर उलट होतं. जुना थर चार बोटं खाली गाडला जातो आणि वर आलेल्या मातीत तणनाशक जवळजवळ नसतं, पण तणाचं बी मात्र भरपूर असतं. एकाच एकरात हे सगळे प्रकार सापडतात. वहीत रानाचा वेडावाकडा नकाशा काढा आणि तुकड्यांना नंबर द्या.

बाटलीचा हिशेब

वहीत लिहायचं ते एवढंच: औषधातला घटक, टक्के, एकरी किती, कोणत्या तारखेला. व्यापारी नावापेक्षा घटकाचं नाव महत्त्वाचं, ते लेबलवर बारीक अक्षरात असतं. नावं वेगळी आणि घटक तोच, अशा बाटल्या दुकानात शेजारी-शेजारी असतात. मजुराने फवारलं असेल तर त्याला विचारा की किती पंप झाले. ठरवलेला डोस आणि प्रत्यक्ष पडलेला डोस यात चांगलाच फरक असतो.

मक्यात सगळ्यात जास्त वापर ॲट्राझीन ५० टक्के भुकटीचा. लेबलवरची मात्रा हेक्टरी १ ते २ किलो, म्हणजे एकरी ४०० ते ८०० ग्रॅम. हलक्या जमिनीला कमी, भारीला जास्त. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, मका आणि तण उगवायच्या आधी, ओलाव्यावर मारतात. मक्याला ते बाधत नाही, कारण मक्याचं रोप त्याला आपल्या अंगातच निकामी करून टाकतं. सोयाबीन, कडधान्यं, कांदा, काकडीवर्गीय भाज्या यांना ती सोय नाही. पानांतली अन्न बनवण्याची क्रिया बंद पडते आणि पान कडेने वाळत जातं. मातीत ते निम्मं व्हायला साधारण दोन महिने लागतात असं धरतात, पण आम्लधर्मी मातीत लवकर आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) मातीत उशिरा. आपली काळी चुनखडीयुक्त जमीन विम्लधर्मी आहे. म्हणून पंधरा-वीस दिवसांपूर्वी ॲट्राझीन मारलेलं असेल आणि माती खरवडली गेली नसेल, तर बराचसा डोस अजून रानात आहे असंच धरून चला.

पेंडीमिथॅलीनची तऱ्हा वेगळी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. साचलेल्या पाण्याने ते खाली जात नाही. माती हलली तरच हलतं. ते उगवणाऱ्या मुळांची वाढ थांबवतं. मका त्याच्यातून वाचतो तो बी त्या थराच्या खाली असतं म्हणून. दुबार पेरणीच्या गडबडीत रोटाव्हेटर फिरवून तो थर बियाच्या पातळीला मिसळला, की हे संरक्षण गेलं. मग मुळांची टोकं गाठीसारखी सुजतात, बाजूची मुळं आखूड राहतात आणि रोप वाऱ्याने डोलायला लागतं.

उगवणीनंतरची औषधं, म्हणजे टेम्बोट्रिओन, टोप्रामेझोन आणि ॲट्राझीनसोबत मिश्रणात येणारं मेसोट्रिओन, ही तिन्ही एका कुळातली. तणाचं पान आधी पांढरं पडतं ते यांच्यामुळे. यानंतर पुन्हा मका पेरायला हरकत नाही. पण कडधान्यं, सोयाबीन, भाजीपाला यांच्यासाठी थांबायचा काळ काही ठिकाणच्या लेबलांवर महिन्यांमध्ये मोजलेला असतो. लव्हाळा या गाठी धरणाऱ्या तणासाठी हॅलोसल्फ्युरॉन मारलं असेल तर भाजीपाल्याबाबत तीच खबरदारी. २,४-डी वाफसा असलेल्या मातीत काही आठवड्यांत संपतं. पाणी साचून हवा कोंडलेल्या मातीत त्याला वेळ लागतो.

मग पेरायचं काय?

ॲट्राझीन मारलेल्या रानात पहिली पसंती मक्यालाच. हे कंटाळवाणं उत्तर आहे, पण हेच बरोबर आहे. खरिपाच्या मक्याची पेरणी १५ जून ते जुलैचा मध्य, फार तर २० जुलै, या काळात व्हावी. जुलैच्या शेवटी पेरायची वेळ आली तर लवकर येणारं वाण घ्या आणि दाण्याची अपेक्षा कमी ठेवा. ऑगस्ट उजाडला असेल तर चाऱ्याचा मका किंवा मुरघास, यापलीकडे जाऊ नये.

चाऱ्याची ज्वारीही ॲट्राझीन सोसते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिली पेरणी मोडण्याआधी टेम्बोट्रिओन किंवा टोप्रामेझोन मारलं असेल तर ज्वारी नको, तिला ही औषधं चालत नाहीत. आणि ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावरांना सोडू नका, कोवळ्या ज्वारीने किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते. बाजरी ॲट्राझीनचा कमी डोस सोसते, पूर्ण डोसच्या रानात तिची खात्री नाही.

सोयाबीन, तूर, मूग, उडीद, तीळ, सूर्यफूल, कांद्याचं रोप, मेथी-कोथिंबीर, काकडी-दोडका: ताज्या ॲट्राझीनवर यातलं काही नको. बाजारात भाव कितीही चढलेला असो.

तरी मन मानत नसेल किंवा माती वाहून गेल्याने औषध राहिलंच नाही असं वाटत असेल, तर मातीलाच विचारा. नकाशातल्या प्रत्येक तुकड्यातून वरच्या तीन-चार इंचांची माती घ्या, वेगवेगळ्या चहाच्या मोठ्या कपांत किंवा रोपांच्या पिशव्यांत भरा. एका कपात तणनाशक कधीच न पडलेल्या जागेची माती, परसातली किंवा बांधावरची. सगळ्यांत जे पेरायचं आहे तेच बी टाका. सोयाबीन असेल तर सोयाबीन, नाहीतर काकडीचं बी, ते फार नाजूक असतं. उन्हात ठेवा, सारखं पाणी द्या. उगवण बघून हुरळू नका, ॲट्राझीन उगवण थांबवत नाही. दोन ते तीन आठवड्यांनी खालच्या, जुन्या पानांकडे बघा. कडा पिवळ्या पडून टोकाकडून आत वाळत आल्या आणि बांधावरच्या मातीतलं रोप हिरवंगार असेल, तर उत्तर मिळालं. पेंडीमिथॅलीनचा संशय असेल तर रोप उपटून मुळं धुऊन बघा. तीन आठवडे जातात हे खरं आणि जुलैत तीन आठवडे म्हणजे फार. म्हणून ही चाचणी जास्त कामाला येते ती रब्बीच्या निर्णयासाठी. खरिपात घाई असेल तर सरळ मका पेरा.

जुनी रोपं काढल्याशिवाय नवी पेरू नका

अर्धवट मेलेल्या रानात ओळींच्या मधून नवीन बी टाकणं सोपं वाटतं. पण उरलेला जुना मका नव्याच्या दृष्टीने तणच असतो. तो आधी उंच होतो, खत-पाणी ओढतो, त्याचा तुरा आणि नव्याचं स्त्रीकेसर यांचा मेळ बसत नाही आणि काढणीच्या वेळी एक कणीस वाळलेलं तर दुसरं दुधात. जो तुकडा मोडायचा ठरला तिथली सगळी रोपं काढा. वाफशावर वखराची उथळ पाळी, उरलेली हाताने उपटून. नांगरट आणि रोटाव्हेटर दोन्ही टाळा, म्हणजे पहिल्या औषधाचा थर वरच राहील आणि तणावर काम करत राहील. तुम्ही पैसे मोजलेलं औषध आहे ते, त्याचा उरलेला उपयोग करून घ्या.

जुनी रोपं औषधाने जाळायची कल्पना कोणीतरी देईलच. पॅराक्वाटने पानं जळतात, पण कोंब जमिनीखाली असलेला लहान मका चार-पाच दिवसांत पुन्हा फुटतो. शिवाय हे औषध पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात लहान मुलं असतील तर मी ते दारातही आणणार नाही. ग्लायफोसेट मक्याच्या पिकासाठी मंजूर नाही आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. वखर पुरे.

उपटलेला मका लगेच जनावरांपुढे टाकू नका. पानांवर गाळ असतो, ताणातल्या मक्यात नायट्रेट साठतं आणि आठ-दहा दिवसांपूर्वी उगवणीनंतरचं तणनाशक पडलेलं असेल तर त्याचा अंशही असतो. लेबलवर थांबण्याचा काळ दिलेला असतो, तो बघा. शंका असेल तर उकिरडा बरा.

पेरणी आणि दुसरा डोस

बी दीड ते दोन इंच खोल, ओलीत. उथळ पडलं तर औषधाच्या थरात अडकतं, विशेषतः पेंडीमिथॅलीनच्या रानात. शक्य असेल तर जुन्या ओळीच्या बाजूला चार-सहा इंच सरकून नवी ओळ धरा.

आता मुख्य प्रश्न, पुन्हा ॲट्राझीन मारायचं का? माझा नियम साधा आहे. एका हंगामात दोन्ही वेळचं मिळून लेबलच्या वरच्या मर्यादेपुढे, म्हणजे एकरी ८०० ग्रॅमपुढे जायचं नाही. पहिल्यांदा पूर्ण डोस पडला असेल आणि माती जागेवर असेल तर पुन्हा काही मारू नका. वीस दिवस तण कसं येतं ते बघा. पहिल्यांदा ४०० ग्रॅमच पडलं असेल तर उरलेल्या ४०० ला जागा आहे. वरची माती खरवडून गेलेल्या किंवा वर जाड नवा गाळ बसलेल्या तुकड्यात कमी डोस देता येतो, पण त्या तुकड्यापुरताच. सरसकट नाही. खालच्या बांधाजवळ, जिथे वरून वाहून आलेली माती बसली आहे, तिथे काहीही नको.

मक्याला दुप्पट ॲट्राझीनही सहसा मारत नाही, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असं विचाराल. कारण तो डोस मक्यानंतरच्या हरभऱ्याला आणि कांद्याला भोवतो. आणि हे औषध झिरपत विहिरीतही जातं. भूजलात सापडायला लागल्यावर युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मंजुरी काढून घेतली. ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्या काठावर पंप धुण्याची आपली सवय आहे, ती सोडायला हवी.

मोजमाप कसं करायचं? डोस एकरात सांगतात, पण पाठीवरच्या पंपाने कोणीच एकर धरून चालत नाही. गुंठा धरा. ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा आखा, पंपात मोजून नुसतं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तेवढाच तुकडा फवारा. ५ लिटर लागलं तर तुमचा हिशेब एकरी २०० लिटरचा. सात लागलं तर २८०. लेबलवर हेक्टरी ५०० ते ७०० लिटर असतं, म्हणजे दोन्ही चालतील, पण तुमचा आकडा तुम्हाला ठाऊक हवा. २०० लिटरच्या हिशेबाने ४०० ग्रॅमचा डोस म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम. भुकटी आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पंपात ओता आणि मधूनमधून पंप हलवा, नाहीतर तळाशी बसते आणि शेवटच्या ओळीला सगळा डोस मिळतो. नोझल सपाट पंख्याचं घ्या. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल तणनाशकाला नको. फवारताना मागे-मागे सरका, मारलेल्या थरावर पाय नको.

पुढच्या काही तासांत जोराचा पाऊस दिसत असेल तर थांबा. आणि पुरानंतर आधीच बोटभर उगवलेल्या गवतावर ॲट्राझीन टाकून फारसा उपयोग नाही. ते पेरणीआधीच्या पाळीत मरायला हवं होतं.

वीस दिवसांनी तण बघा, मका बघा, मग औषध बघा

पुरानंतरचं तण नेहमीसारखं नसतं. पाण्याने गाजर गवताचं बी येतं, हराळीचे तुकडे येतात, लव्हाळ्याच्या गाठी एका कोपऱ्यातून रानभर पसरतात. ॲट्राझीन रुंद पानाच्या लहान तणाला चांगलं, पण हराळी आणि लव्हाळ्याला त्याने काही होत नाही.

पहिला पर्याय कोळपणी. पंधरा ते वीस दिवसांनी वाफसा मिळाला तर कोळपं घाला. तणही जातं, पुराने बसलेली मातीची पापडीही फुटते आणि मुळांना हवा मिळते. पुरात बुडालेल्या रानात कोळप्याने मका जितका हसतो तितका औषधाने हसत नाही.

पाऊस कोळपू देत नसेल तर टेम्बोट्रिओन ४२ टक्के, एकरी ११५ मिली, सोबत येणाऱ्या चिकट द्रवासह. किंवा टोप्रामेझोन ३३.६ टक्के, एकरी ३० मिली, तेही त्याच्या तेलासह. तण दोन ते चार पानांवर असताना. तण गुडघ्याला लागल्यावर डोस वाढवून भागत नाही. पानं पांढरी होतात, दहा दिवसांनी पुन्हा हिरवी फुटतात आणि मग औषध बोगस निघालं म्हणून बोंब होते. लव्हाळा जास्त असेल तर हॅलोसल्फ्युरॉन ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, पण पुढे त्या रानात भाजीपाला घेणार नसाल तरच.

मक्याची तब्येत बघितल्याशिवाय यातलं काहीही मारू नका. ॲट्राझीन असो की टेम्बोट्रिओन, मका त्यातून सुटतो तो औषध पचवून. पिवळा पडलेला, मुळं कुजलेली, पाण्यात उभा असलेला मका ते पचवू शकत नाही. वाफसा येऊन निदान एक नवं हिरवं पान बाहेर पडू द्या. थोडं युरिया देऊन पाच-सात दिवस थांबलात तर उत्तम, कारण पुराने नत्रही वाहून गेलेलं असतं आणि पिवळेपणाचं निम्मं कारण तेच असतं.

लष्करी अळीची फवारणी आणि तणनाशक एकाच पंपात नको. अळीचं औषध पोंग्यात जायला हवं आणि तणनाशक पोंग्यात जितकं कमी जाईल तितकं बरं, म्हणजे दोघांचं उद्दिष्टच उलटं. शिवाय मेसोट्रिओन आणि क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं जवळजवळ पडली तर मका भाजतो. मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

२,४-डी स्वस्त आहे म्हणून उचलू नका, निदान आजूबाजूला कपाशी, द्राक्षं किंवा टोमॅटो असताना तरी. त्याचा ईथाइल एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन उडतो. शेजाऱ्याच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट आली की ती कुठून आली हे गावात कोणाला विचारावं लागत नाही. त्या पंपाने पुढे कपाशीवर काही फवारायचं असेल तर नुसतं विसळून भागत नाही. निरमा घालून दोन-तीन वेळा धुवा, नळी आणि नोझलसकट. तणनाशकाला वेगळा पंप ठेवणं जमत असेल तर ते सगळ्यात स्वस्त पडतं.

पूर सप्टेंबरात आला तर

२०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी ऑगस्टमध्ये आलं, मराठवाड्यात २०२५ साली सप्टेंबरात. अशा वेळी मक्याची दुबार पेरणी हा प्रश्नच उरत नाही. रान मोकळं करून रब्बीचं काय, एवढंच बघायचं असतं आणि तिथे जूनची वही पुन्हा उघडावी लागते.

जूनच्या शेवटी ॲट्राझीनचा एकच, योग्य डोस पडला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो बराच उतरलेला असतो. मक्यावर हरभरा किंवा गहू घेण्याची आपली रीत त्यावरच चालते. काळजी करायची ती तीन प्रकारच्या रानांत: जिथे जुलैच्या शेवटी दुबार पेरणी करून दुसरा डोस पडला, जिथे टोप्रामेझोन किंवा हॅलोसल्फ्युरॉन उशिरा मारलं आणि जिथे खालच्या बांधाला वाहून आलेली माती बसली. तिथे कपातली चाचणी कराच, आता तीन आठवडे हाताशी आहेत. इथे एक खोल नांगरट उपयोगाची आहे, जी खरिपात टाळायला सांगितली होती. वरचा थर खाली जाऊन मिसळला की औषध पातळ होतं. शेणखत असेल तर घाला, मातीतले जिवाणू कामाला लागतात.

रब्बीचा मका १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान पेरता येतो आणि संशयाच्या रानात तोच सगळ्यात निर्धास्त. कांदा लावायचाच असेल तर लागवड चाचणी बघून ठरवा. रोपवाटिका मात्र त्या रानात टाकूच नका, कांद्याचं बी अशा मातीत पहिल्या दोन पानांतच मान टाकतं. रोप दुसऱ्या रानात, उंचावरच्या गादीवाफ्यावर टाका.